माझ्या नावाची चिठ्ठी

आमच्या घरात वस्तूंना मालक नसे. चप्पल ज्याच्या पायात बसेल त्याची, पंचा जो आधी आंघोळीला जाईल त्याचा, आणि घरातली एकुलती एक छत्री जो दारातून आधी निघेल त्याची. अशा घरात एक गोष्ट मात्र निर्विवाद माझी होती, कारण तिच्यावर शाईने माझं नाव लिहिलेलं होतं. ती होती नंदुरबारच्या डॉक्टरांची चिठ्ठी. ‘कु. निर्मला, वय ७.’ त्याखाली मुंग्या चालत गेल्यासारख्या पाच-सहा ओळी. या चिठ्ठीचा मला फार अभिमान होता. शाळेत कोणाच्या नावाने डॉक्टरांनी एवढं लिहिलेलं नव्हतं. पुढे हीच चिठ्ठी सगळ्या गावाची झाली, आणि तिच्यापायी आमच्या शोभाताईचं ठरलेलं लग्न मोडायची पाळी आली. ते सगळं एकदा सांगून टाकायचं म्हणून हे प्रकरण.

मला लहानपणापासून इसब. कोपरांच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यांच्या मागे कातडी लाल व्हायची, मग भेगाळायची, आणि खाज अशी सुटायची की मी वर्गात बाकाच्या कडेला कोपर घासत बसायचे. आईने तिच्या परीने सगळं करून पाहिलं होतं. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ झाली, करंजाचं तेल झालं. मग कोणीतरी सांगितलं, पोरीचं वांगं बंद करा. खानदेशातल्या घरात जन्मलेल्या पोरीचं वांगं बंद करायचं म्हणजे तिला घराबाहेर काढल्यासारखंच आहे. चुलीत वांगी भाजली जात, हिरव्या मिरच्या आणि लसूण लाकडी खोलगट बडगीत ठेचला जाई, त्या ठेचण्याचा आवाज ओट्यापर्यंत येई, आणि मी ताटात वरण घेऊन रडत बसायचे. वांगं बंद करूनही खाज होती तिथेच होती. शेवटी एके दिवशी दादांनी मला एसटीत घातलं आणि नंदुरबारला नेलं.

दादा म्हणजे आमचे वडील. तापीकाठी, प्रकाशा या गावाच्या अलीकडे आमचं गाव. कापूस, केळी, थोडा ऊस. दादा मॅट्रिकपर्यंत शिकलेले, म्हणून गावात आलेला कुठलाही कागद आधी त्यांच्याकडे यायचा. नवीन निघालेल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा जीव. प्रेशर कुकर गावात पहिला आमच्याकडे आला आणि पहिल्या शिट्टीला आई परसात पळून गेली, ही गोष्ट अजून सांगतात. तर डॉक्टरांनी एक ट्यूब लिहून दिली. पाचव्या दिवशी माझी कोपरं गुळगुळीत झाली. मी भरीत खाल्लं, बाकाला घासणं थांबलं, आणि दादांना जो आनंद झाला तो त्यांना कापसाला भाव मिळाल्यावरही कधी झालेला मी पाहिला नाही. मला ते रोज आईला कोपर दाखवायला लावायचे. “देख, देख! तुन्हा तेलनी काय कयं? काहीच नही!” आई म्हणायची, “आसू द्या, तेलबी लाईच ऱ्हायनू मी.” आणि ती खरोखर आंघोळीनंतर मला खोबरेल चोपडतच राहिली. याचं महत्त्व आम्हाला फार पुढे कळलं.

दादांचा एक स्वभाव होता, चांगली वस्तू झिजू द्यायची नाही. रेडिओला त्यांनी खोळ शिवून घेतली होती, रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत असे. त्या सुमारास शहाद्याला तहसीलसमोर एका माणसाने लॅमिनेशनचं मशीन टाकलं. दादांनी पहिल्याच आठवड्यात माझी चिठ्ठी नेली आणि दोन्ही बाजूंनी काचेसारखी चकचकीत करून आणली. आता ती पाण्यात पडली तरी भिजणार नव्हती, फाटणार नव्हती. दर वेळी ट्यूब संपली की दादा ती मेडिकलवाल्यासमोर ठेवायचे. तो माझ्या नावाखालची पहिली ओळ, औषधाच्या नावाची, वाचायचा आणि ट्यूब द्यायचा. खालच्या मुंग्यांकडे कोणी पाहिलं नाही. डॉक्टरांनी तोंडी काही सांगितलं होतं का? बहुतेक सांगितलं असेल. पण कापूस वेचणीचे दिवस, बरी झालेली पोर घेऊन कोण पुन्हा नंदुरबारला जातो?

ट्यूब देवाच्या फळीवर कुंकवाच्या करंड्याशेजारी असे. संपत आली की दादा तिच्यावरून लाटणं फिरवून शेवटचा थेंब काढायचे, आणि मग दोन दिवस आईच्या पोळ्यांना औषधाचा वास यायचा, त्यावरून भांडण व्हायचं. हळूहळू गावाला बातमी लागली. कोणाच्या हाताला केळीचा चीक लागून पुरळ उठलं, ये. कोणाच्या मानेला उसाचं पाचट चरचरलं, ये. डास चावला, घामोळ्या आल्या, पायाला जोडा लागला, सगळे आमच्या ओट्यावर. “दादाभाऊ, जराशी चिठ्ठी द्या ना.” मिशा असलेली थोराड माणसं ‘कु. निर्मला, वय ७’ या नावाने औषध आणत होती. पुढे पुढे लोक चिठ्ठीची झेरॉक्स काढून सोयऱ्याधायऱ्यांना देऊ लागले. दादांना त्याचंही कौतुकच वाटायचं.

आमच्या शेजारच्या कौतिकआप्पांना पोटावर गजकर्ण झालं होतं, आठ आण्याएवढं. दादांनी ट्यूब दिली. दुसऱ्या दिवशी खाज बंद. आप्पा आनंदाने भरताची वांगी घेऊन आले. महिन्याभरात गजकर्ण बांगडीएवढं झालं, मग ताटलीएवढं, मग त्याने पाठीकडे वळण घेतलं. आप्पा काळजीत पडले, तर दादा म्हणाले, “आप्पा, वाढी ऱ्हायनं म्हणजे आंगमधलं बाहेर निंघी ऱ्हायनं! लावत ऱ्हा.” आणि आप्पा लावत राहिले. आता मला माहीत आहे की गजकर्ण बुरशीने होतं. हे मलम सूज आणि खाज दाबतं, बुरशीला मारत नाही, उलट तिला मोकळं रान करून देतं. पण तेव्हा आमच्या गावात खाज थांबली म्हणजे रोग गेला, एवढंच शास्त्र होतं.

आता ताईकडे येते. शोभाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. रंगाने सावळी, डोळे मोठे, आणि हसणं असं की विहिरीवरच्या इंजिनाची टुकटुक चालू असली तरी शेताच्या दुसऱ्या बांधावर ऐकू जायचं. ती घरात असली की घर भरलेलं असायचं. तिला पहिलं स्थळ पाहायला आलं ते तळोद्याकडचं. मंडळींनी पोहे खाल्ले, चहा प्याले, आणि निघताना ओट्यावर चपला घालता घालता त्यांच्यातली एक बाई दुसरीला म्हणाली, “पोर चांगली शे, पन रंगनी जराशी कायी शे.” हळू म्हणाली, पण ताई दाराआडच उभी होती. आत येऊन ती आम्हाला त्या बाईची नक्कल करून दाखवत हसली. दिवेलागणीला मात्र माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “निमा, तुन्ही ट्यूब दे ना माले जराशी. मेडिकलवाला सांगे, तोंडले लावं ते रंग उजयस.”

ट्यूब माझ्या नावाची, म्हणून तिने मला विचारलं. घरात दुसऱ्या कोणाला माझी परवानगी घ्यायची गरज कधी वाटली नव्हती. मी भाव खाल्ला. शनिवारच्या शेवभाजीतली तिच्या वाटणीची शेव महिनाभर मला, असं ठरलं. ताईने तिथल्या तिथे कबूल केलं. एवढी स्वस्त मी तिला दिली, आणि ती शेव मी खाल्लीही. आजही शेवभाजीचा पहिला घास घेताना मला कधी कधी ते आठवतं, आणि मी दुसरा घास घेते. भूक ती भूकच.

ताईचा चेहरा खरोखर उजळला. दोन महिन्यांत गाल तुळतुळीत झाले, पुटकुळी म्हणून राहिली नाही. बायका विचारू लागल्या, पोरीला काय खायला घालता? दादा छाती काढून चिठ्ठी दाखवू लागले. पुढच्या हंगामात म्हसावदचं स्थळ आलं. मुलगा शेती सांभाळून साखर कारखान्यात नोकरीला, सालस, बोलायला लाजरा. त्याची आई मात्र घरची कर्तीसवरती, आवाजाने खणखणीत. तिने ताईची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, “व्हय. पसंत शे.” साखरपुडा झाला. लग्न उन्हाळ्यात ठरलं. ताई त्या मुलावर मनापासून भाळली होती, हे मला माहीत होतं, कारण कारखान्याची गाडी रस्त्याने गेली की ती कुठलंही काम टाकून ओट्यावर यायची.

आणि मग चेहरा बिघडायला लागला. आधी उन्हात गेलं की गाल जळजळायचे. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक लाल रेघा दिसू लागल्या, जणू कोणी लाल दोरा कातडीखाली सोडला आहे. हनुवटीवर पुटकुळ्या, गालांवर लव. एक दिवस ट्यूब लावली नाही की सगळं तोंड पेटायचं, आणि लावली की शांत. म्हणून ताई दिवसातून दोनदा, मग तीनदा लावू लागली. दहा महिने झाले होते. एके दुपारी ती गच्चीवरचे पापड गोळा करून खाली आली ती तोंड धरूनच. आईने तिचा चेहरा पाहिला, देवाच्या फळीवरून ट्यूब उचलली, परसात गेली आणि ती उकिरड्यावर भिरकावून आली. “आते या घरमा ही बला दिसाले नको,” म्हणाली. आईने दादांची वस्तू फेकली आणि दादा गप्प बसले, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आठवड्याभरात ताईचा चेहरा लाल होऊन सुजला. कपाळापासून हनुवटीपर्यंत आग. चुलीजवळ बसता येईना, पाणी लावलं तरी ती कळवळायची. लग्न दीड महिन्यावर. म्हसावदला अजून कोणाला काही ठाऊक नव्हतं. ताई ओढणीने तोंड झाकून खोलीत बसू लागली आणि तिचं हसणं बंद झालं. घरात भांड्यांचे आवाज मोठे वाटू लागले. इकडे ट्यूब गेल्यामुळे माझी कोपरंही पेटली होती. रक्त यायचं, हात वाकेना, दहावीच्या परीक्षेला लिहायचं कसं हा प्रश्न. पण मी कोणाला सांगितलं नाही. शेवेवर बहिणीला विकणारीने कोणत्या तोंडाने रडायचं? आईने एकदा माझी बाही वर केली, पाहिलं, आणि खोबरेलाची बाटली घेऊन आली. “त्या ट्यूबनं नाव काढू नको,” एवढंच म्हणाली.

नंदुरबारला तेव्हा एक कातडीच्या डॉक्टरीणबाई धुळ्याहून येऊन दर मंगळवारी बसायच्या. दादांनी आम्हा दोघींना नेलं, आई न सांगता बरोबर आली. बाईंनी ताईची ओढणी बाजूला केली आणि बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “काय लावत होतीस? किती दिवस?” ताईने सांगितलं. “कोणी सांगितलं लावायला?” यावर दादांनी खिशातून चकचकीत चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि शाळेतल्या मराठीत म्हणाले, “डॉक्टरसाहेबांनीच लिहून दिलेलं आहे. आम्ही आपल्या मनाने काही केलेलं नाही.”

बाईंनी ती उलटसुलट केली. बहुतेक लॅमिनेशन केलेली चिठ्ठी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मग त्यांनी मुंग्या वाचायला सुरुवात केली. “कुमारी निर्मला, वय सात. निर्मला कोण?” मी हात वर केला, तो पूर्ण वर गेला नाही. “आता वय किती?” “पंधरा.” बाईंनी पुढे वाचलं. “फक्त कोपर आणि गुडघे. दिवसातून एकदा, पातळ थर. सात दिवस. चेहऱ्याला लावू नये. सात दिवसांनी दाखवणे.” त्यांनी मान वर केली. “दाखवायला आणलं होतं?”

“बरी झाली होती ना,” दादा म्हणाले. आठ वर्षं ते चिठ्ठी खिशात घेऊन फिरत होते, आणि चिठ्ठीत काय आहे हे त्यांना त्या मंगळवारी कळलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दादा पुढे म्हणायचे. त्यांनी ताईला समजावलं. चेहऱ्याची कातडी फार पातळ. हे स्टेरॉइडचं मलम तिथे महिनोन्महिने लावलं की ती आणखी पातळ होते आणि तिला त्याची सवय लागते. आता बंद केल्यावर आग होणारच. “चेहरा ट्यूब मागेल. द्यायची नाही. मी गोळ्या देते, साधं मलम देते. उन्हात जायचं नाही. हळद, बेसन, लिंबू, घरचं-दारचं काहीही तोंडाला नाही.” ताई म्हणाली, “लग्न दीड महिन्यावर आहे.” बाई म्हणाल्या, “तोवर थोडं उतरेल. पूर्ण नाही उतरणार. बऱ्यापैकी होईल, पण त्याला काही महिने लागतील. खोटं सांगून पाठवत नाही तुला.”

मग त्यांनी माझी बाही वर केली, जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं, आणि कागदावर लिहिलं. आईने डोकावून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ट्यूबचं नाव ती आकाराने ओळखत होती. “हाईच? जी मी फेकी दिधी तीच?” बाई हसल्या. म्हणाल्या, “तीच. मावशी, ट्यूबचा काही गुन्हा नाही. हिला खरोखर गरज आहे आणि तुम्ही घाबरून बंद केलीत, म्हणून पोरीचा हात वाकत नाही.” त्यांनी माझी तर्जनी सरळ केली आणि तिच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत मलमाची बारीक वळी काढली. “एवढ्यात तुझे दोन तळहात झाकतील एवढी जागा होते. दोन्ही कोपरांना मिळून एवढंच. दिवसातून एकदा, लाल आहे तिथेच. उतरलं की थांबायचं, आणि मला दाखवायचं. आणि आंघोळ झाल्या झाल्या तेल मात्र रोज, इसब असो नसो.” “कोन्तं तेल?” आईने विचारलं. “खोबरेल चालेल.” आईने दादांकडे अशी मान वळवली की तेवढ्या गंभीर वेळीही ताईला फस्सकन हसू आलं, आणि हसताना गाल तडतडले म्हणून लगेच डोळ्यांत पाणी आलं.

घरी आल्यावर दादा म्हणाले, “म्हसावदले जाई येस. सांगनं पडी.” आईचं म्हणणं, थोडे दिवस थांबू, उतरलं तर उतरलं. त्यावर ताई खोलीतून बाहेर आली. “मी बी येस संगे. आनि तोंड झाकनार नही. हाऊ रंग देखीसन नही म्हनतीन ते म्हनू द्या.” मला हट्टाने बरोबर नेलं तिने. मला वाटतं, तिला कोणाचा तरी हात धरायचा होता.

भर दुपारी आम्ही म्हसावदला पोचलो. मुलगा कारखान्यावर गेलेला. विहीणबाईंनी पाण्याचे तांबे आणले, ताईकडे पाहिलं आणि तांबे हातातच राहिले. दादा घसा खाकरून म्हणाले, “मंगयवारले डाक्टरकडे गयथूत…” विहीणबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. ताईने माझा हात एवढा आवळला की कोपर ठणकलं. विहीणबाई परत आल्या त्या एका मुलीला दंडाला धरून. माझ्याच वयाची, ओढणीने तोंड झाकलेली. त्यांनी ओढणी ओढली. तेच लाल गाल, नाकाच्या बाजूला त्याच बारीक रेघा. “मन्ही धाकली पोर. दोन महिनापाईन घरमाच बठेल शे. सोयरानी चिठ्ठी आनी दिधी, हाई लाव, रंग उजयस.” आणि त्यांनी गणपतीच्या फोटोमागून घडी केलेला कागद काढून दादांच्या हातात दिला. “तुम्ही वाचतस ना? वाचा ते. कोन मुडदानी चिठ्ठी शे, देव जाने!”

झेरॉक्स होती, काळपट, लॅमिनेशनच्या चकाकीमुळे मधे एक पांढरा पट्टा आलेली. पण वरची ओळ स्वच्छ होती. कु. निर्मला, वय ७. मी पाहिलं, ताईने पाहिलं, दादांनी पाहिलं. विहीणबाईंना वाचता येत नव्हतं, आणि ती मुलगी खाली मान घालून उभी होती. दादांनी ‘कोणास ठाऊक’ म्हणून कागद परत दिला असता, तर तो विषय तिथेच संपला असता. लग्न आधीच सुताला लटकलेलं. मी देवाची शपथ घेऊन सांगते, मला वाटलं की त्यांनी गप्प बसावं.

दादांनी टोपी काढली. खिशातून अस्सल चिठ्ठी काढून त्या कागदावर ठेवली. “तो मुडदा मीच शे, बाई,” ते म्हणाले. “हाई मन्ही पोर, निर्मला. चिठ्ठी हिन्ही. वाटी मी. चूक मन्ही शे.” आणि मग, डॉक्टरीणबाईंनी वाचल्या होत्या तशा, त्या पाच-सहा ओळी बोट ठेवून त्यांनी वाचून दाखवल्या. ‘चेहऱ्याला लावू नये’ पाशी ते थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

समोरच्या कडुलिंबाखाली कोणीतरी बैलाला पाणी दाखवत होतं, त्या बादलीचा आवाज तेवढा येत होता. विहीणबाई ताईकडे पाहत राहिल्या. साखरपुड्याच्या वेळी धरली होती तशी त्यांनी तिची हनुवटी धरली, पण या वेळी उजेडाकडे वळवली नाही. “रंग देखीसन व्हय म्हनं व्हतं मी,” त्या म्हणाल्या. “पोर ते आज देखी.” मग दादांकडे वळून त्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आनि तुम्ही, पुढला मंगयवारले दोन्ही पोरीस्ले लई जा डाक्टरकडे. तुम्हीच लई जा. बसा आते, च्या लेवा.” त्या चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहावा. दादांनी तो बशीत ओतून एका दमात संपवला. घरी साखर ते अर्धा चमचाच घ्यायचे.

गावात परतल्यावर दादांनी आणखी एक काम केलं, जे मला त्या वेळी फार लाजिरवाणं वाटलं. सायकल काढून ते ज्या ज्या घरी चिठ्ठी गेली होती त्या त्या घरी गेले. झेरॉक्सा परत मागितल्या, आणि ट्यूब रोज लावणाऱ्यांना सांगितलं, मनानेच फेकू नका, आधी डॉक्टरला दाखवा. सुरुवात कौतिकआप्पांपासून. आप्पांनी सदरा वर करून पाठीपर्यंत गेलेलं गजकर्ण दाखवलं आणि म्हणाले, “म्हणजे हाई बाहेर नही निंघी ऱ्हायनं व्हतं?” दादा म्हणाले, “नही आप्पा. आत घर करी ऱ्हायनं व्हतं. माफ करा.” आप्पांना बुरशीचं औषध मिळालं, दोन-तीन महिन्यांनी ते बरे झाले. चिडले नाहीत, पण गावजेवणाला दादा वाढायला आले की पोटावर हात ठेवून म्हणायचे, “हाई खाऊ का, की डाक्टरले विचारू?” आणि पंगत हसायची. दादाही हसायचे, जरा उशिरा.

लग्न ठरलेल्या दिवशी झालं. हळद ताईच्या हातापायांना लागली, चेहऱ्याला नाही. म्हाताऱ्या कुरकुरल्या, तर विहीणबाईंनी एका वाक्यात त्यांची तोंडं बंद केली. मांडवात वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी, आणि मी दोनदा वाढून घेतली. फोटोत नवरीचे गाल लाल आहेत, नवऱ्याच्या बहिणीचे थोडे जास्त लाल, आणि दोघी कशावरून तरी खो खो हसताहेत. रंगीत फोटो, त्यामुळे काही लपलेलं नाही. ताईचा चेहरा पावसाळा संपता संपता निवळला. रंग पूर्वीसारखा सावळा झाला. एक-दोन लाल रेघा अजून आहेत, नातवंडं विचारतात तेव्हा ती सांगते, ही तुमच्या पणजोबांनी दिलेली नक्षी.

मी पुढे तळोद्याजवळच्या आश्रमशाळेत शिक्षिका झाले आणि अजून तिथेच आहे. वसतिगृहाच्या मुलींच्या पेट्यांत मला दर वर्षी दोन-तीन ट्यूबा सापडतात, आता तर फोनवर बघून मागवतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगत नाही. एवढंच विचारते, ही कोणाच्या नावाने आहे, कुठे लावायला आहे आणि किती दिवस. मुली वैतागतात. माझी कोपरं अजून थंडीत कुरकुरतात. मग मी बोटाच्या पहिल्या रेघेएवढं मलम काढते, डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस लावते, बंद करते. खोबरेल बारा महिने. आई असती तर हे वाक्य मोठ्याने वाचायला लावलं असतं.

दादा ऐंशीला टेकले तेव्हा त्यांच्या पायाला खाजरं पुरळ आलं. मी त्यांना नंदुरबारला नेलं. आता तिथे दुसरे, तरुण डॉक्टर होते. त्यांनी एक ट्यूब लिहिली. दादांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी ती चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, शेवटच्या अक्षरापर्यंत. ‘दहा दिवसांनी दाखवणे.’ घरी आल्यावर भिंतीवर खडूने रेघ मारली, आणि रोज एक मारत गेले. सहाव्या दिवशीच पुरळ गेलं होतं. तरी अकराव्या दिवशी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर तयार. मी म्हटलं, “दादा, बरं व्हयी गयं ना, कसाले जावानं?” ऐकेनात. एसटीने गेलो, रांगेत बसलो. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि म्हणाले, “बाबा, अगदी स्वच्छ आहे. काही त्रास होतोय का? मग एवढ्या लांब कशाला आलात?”

दादांनी धोतर खाली सोडलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “दाखवाले.”